दोन चाळीस

जानेवारीत नाशकात सर्व्हर-रूमच उबदार.
बाहेर सात अंश, आत अठरा,
म्हणून वॉचमन शिरसाठ दार लोटून आत येतो,
म्हणतो, निफाडला आज बागांत शेकोट्या पेटल्या असतील,
आणि रॅकच्या मागे, जिथून गरम वारा सुटतो,
तिकडे पाठ करून उभा राहतो.

मी माणसं बनवतेय.
नकली. दोन हजार.
सोमवारपासून हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे
ह्या नव्या स्टोरेजवर जाणार,
तर त्याआधी एक खोटा सोमवार घडवायचा:
सत्तर टक्के वाचणारे, तीस टक्के लिहिणारे,
कुणीही कुठलंही पान मागणारे,
रांगेत एका वेळी बत्तीस.

पहिल्या तासाचे आकडे इतके देखणे
की तौसीफ कोकणी म्हणाला,
हर्षला, तू शून्यं लिहितेयस.
खरंच. शून्यांची घडी करून डिस्क खिशात टाकते
आणि म्हणते, लिहिलं.
कॅश तर त्याहून वस्ताद,
धडा न वाचता तोंडपाठ उत्तरं.
मग कचरा दिला, दाबून लहान न होणारा,
कॅशच्या चौपट,
तेव्हा कुठे डिस्क कामाला लागली.
तोही तिनं जपला, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.
माझं बोलणं असं कुणी ठेवलेलं नाही.

सरासरी दीड मिलिसेकंद.
सरासरीत कुणीच ताटकळत नाही.
मी खालची ओळ बघते, शंभरातल्या शेवटच्याची.
चार नंबरच्या खिडकीशी हरसूलहून आलेली बाई
फिल्म अजून दिसत नाही म्हणून
पोराला ह्या कडेवरून त्या कडेवर घेते,
तिची ओळ.

दोन चाळीसला ती उभी राहिली.
चारशे. नऊशे. दोन हजार.
कालही दोन चाळीसच, तौसीफ म्हणाला.
केबल बदलली. फर्मवेअर पाहिलं.
चहा झाला, तो गार झाला.

मग सापडली.
जुना सर्व्हर नव्याला जोडताना सोबत आलेली
एक स्क्रिप्ट, देवरेंची.
देवरे रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
ती रोज दोन चाळीसला उठते
आणि जुने रिपोर्ट एकेक करून
दुसरीकडे उतरवून ठेवते.
वर रोमन लिपीत मराठी:
बंद करू नका. एकदा सगळं गेलं होतं.

दोन हजार नकली माणसांत
हे एवढंच खरं काम चाललं होतं,
आणि आम्ही बिघाड शोधत होतो.

उडवू? तौसीफनं विचारलं.
मी वेळ बदलली. साडेचार.
देवरेंच्या ओळीखाली माझी ओळ:
हलवली आहे, बंद केलेली नाही. ह. गांगुर्डे.
टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.

पंखे चढले तसा शिरसाठ वळला,
एवढा कसला आवाज?
गर्दी आहे, मी म्हटलं.
त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं,
दहानंतर आमच्या दोघांशिवाय
कुणाचीच सही नव्हती.