आढळले नाही

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलावर रोज भेंडी येते.
बोटभर, कोवळी, देठ सरळ कापलेला,
पिशवीवर फक्त क्रमांक.
शेताचं नाव नाही, हाताचं नाही.
मी ती चिरते, भाजीला चिरावी तशीच,
मग दळते, दहा ग्रॅम तोलते,
द्रावण ओतून घुसळते
आणि वरचं नितळ पाणी
इवल्याशा कुपीतून यंत्राला पाजते.

यंत्र पडद्यावर डोंगर काढतं.
डोंगर उंच, तर माल परत.
रेघ सपाट, तर मी लिहिते: आढळले नाही.
मग भेंडी रात्रीच्या विमानानं आखातात जाते.

आजचा क्रमांक मी ओळखला.
ओळखायचं नसतं.
पण देठ तिरके होते सगळे,
आणि आमचा बाळाराम डावखुरा आहे.

म्हशाच्या अलीकडे आमचं सव्वा एकर.
भात कापलं की तिथं धूळ उरायची
आणि माणसं वीटभट्टीवर, पोराबाळांसकट.
पाचवीतली माझी चार महिन्यांची हजेरी
विटांनी भरलेली आहे.
मग ठिबक आलं.
वाफ्यावर चंदेरी कागद, कागदाला भोकं,
भोकाभोकात बी.
हंड्याखाली वाकडी झालेली आईची मान
सरळ नाही झाली,
पण आणखी वाकलीही नाही.
माझी बीएस्सी म्हणजे भेंडीचे तीन हंगाम.
हे विसरून मी काही बोलणार नाही.

आणि बांधावरचा ऐन.
बाबा दरसाल त्याचे हात तोडायचे राबासाठी.
पाला, शेण, जाळ, राख, त्यावर तरवा.
जुनी रीत चांगली म्हणणाऱ्यांनी
तो बोडका ऐन पाहिलेला नसतो.
खताची गोणी आली
आणि त्या झाडाला पुन्हा डोकं फुटलं.
आता तिथं तांबट बसतो, दिवसभर ठोकत.

बांध मात्र साफ.
पाठीवरच्या पंपाची एक फेरी,
की कुर्डू नाही, टाकळा नाही, भारंगी नाही.
बारकी मुकणे पावसाळ्यात यायची
टोपली घेऊन, न विचारता.
विचारायचं काय, बांधावरचं कुणाचं नसतं.
रात्री तिची पोरं टेंभा घेऊन
खाचरात मुठे धरायची.
मीही जायचे. एक मुठा अंगठ्याला असा डसला
की खूण अजून आहे, हातमोज्याखाली.
मागच्या आषाढात बारकी आली,
रिकामी टोपली कमरेवर, उभी राहिली जरा वेळ.
म्हणाली, "तुमचा रान लय साफ झाला गं."
आईला वाटलं, कौतुक केलं.

बाळारामला म्हटलं, तण हातानं काढ.
तो हसला. "चारशे रुपये रोज, वर जेवण.
तू देतेस?"
मी देत नाही.
फाटलेला चंदेरी कागद तो शेताच्या कोपऱ्यात जाळतो.
धूर राबासारखाच वर जातो,
पण त्या राखेत कुणी तरवा टाकत नाही.

यंत्र थांबलं. रेघ सपाट.
म्हणजे फवारणीनंतरचे दिवस त्यानं मोजले,
दाराआडच्या कॅलेंडरवर, मी शिकवले तसे.
खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला.
एकशे ब्याऐंशी औषधांची नावं
आणि प्रत्येकापुढे
आढळले नाही, आढळले नाही, आढळले नाही.
यंत्र विचारलं तेवढंच सांगतं.
मुठ्यांचा रकाना त्यात नाही,
कुर्डूचा नाही,
टोपलीचा तर नाहीच.

फोन वाजतो. "ताई, माल पास ना?"
"मला कसं कळणार, क्रमांक असतो नुसता."
तो पलीकडे गप्प हसतो. त्याला कळतं.

हातमोजा काढते.
अंगठ्यावरची खूण दहा ग्रॅमचीही नसेल.
सही करताना पेन
नेमकं तिथंच टेकतं.