जिनिंग चौक, उत्तर बाजू

दर पंधरा सेकंदांनी मान वर करायची
आणि उभी वाहनं मोजायची. एवढंच काम.
चालती मोजायची नाहीत, ती हवालदारांची.
परभणी, एप्रिल, नऊ ते अकरा,
मांडीवर तक्ता, पेन्सिलीला दोरा,
डोक्यावर बंद पतसंस्थेचा पत्रा.

बावीस. एकतीस. एकतीस. चाळीस.

चहा ठेवत गौसभाई म्हणतात,
"मॅडम, मोजून गाड्या कमी होतात का?"
"नाही."
"मग कशाला मोजूलालात?"

बेरीज गुणिले पंधरा, भागिले पार झालेली वाहनं:
एका वाहनामागं चौऱ्याहत्तर सेकंद.
तेवढ्यात एक स्कूटीवाली
पोराचा टाय सोडून पुन्हा बांधते,
टमटममधले अकरा जण एकमेकांची गावं विचारून घेतात,
आणि हॉर्नवाला वाजवतच राहतो,
दिव्याला कान असल्यासारखा.

आम्ही सगळे दिव्यालाच बोल लावत होतो.
घोळ होता डाव्या वळणावर,
लिंबाच्या सावलीत टमटमचा अड्डा.
सावली सरकेल तसा अड्डा सरकतो,
दहाला नेमका वळणात येतो.
हे सांगितलं लोहकरे हवालदारांनी,
शिट्टी दातात धरूनच.

मग चाळीस पावलं मागं एक शेड,
पूर्वेच्या रिकाम्या हिरव्यातले अकरा सेकंद उत्तरेला.
जूनमध्ये पुन्हा मोजलं. एकेचाळीस.
साहेब म्हणाले, छान. सही झाली.
वाचलेले तेहतीस सेकंद कुणाच्या हातात पडले
ते सांगायला कुणी आलं नाही.

टोचतं ते वेगळंच.
तक्त्यात ट्रक म्हणजे तीन, बैलगाडी आठ,
सायकल अर्धी.
पायी माणसाला रकाना नाही.
दळणाचा डबा घेऊन माणिकअप्पा यायचे साडेदहाला,
डबा दुभाजकावर टेकवायचे,
एक हिरवा सोडायचे, दुसरा सोडायचे,
तिसऱ्याला पाऊल पुढं, पुन्हा मागं.
मी समासात लिहिलं होतं: पायी, १.
टायपिंगमध्ये समास गेला.

आज रविवार. तक्ता नाही, रोज नाही.
नव्या वेळेत उत्तर बाजू झरझर वाहते,
मधे फट म्हणून राहत नाही.
माणिकअप्पांनी डबा टेकवला
तेव्हाच मी स्टॉपवॉच दाबलं.
गौसभाई, दोन चहा. एक तिकडं,
दुभाजकावर.

चार मिनिटं सहा सेकंद.
सात.