सहावा तास, प्रतीक

एप्रिलचा सहावा तास.
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसता ओरडतोय
शेवटच्या सभेतल्या उमेदवारासारखा.
पांढरे खडू संपलेत. शिपायानं पिवळा दिलाय.
मी फळ्यावर लिहिते: प्रतीक. खाली रेघ.

पोस्टर सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातलं,
वीस रुपयांत, एक कोपरा उंदरानं नेलेला.
एकाहत्तरचं असावं. बाई. कपाळावर कुंकू,
हात आशीर्वादाचा. मागे तोफांची रांग,
आणि तोफांवर उगवतोय सूर्य
कुंकवाएवढाच, त्याच लाल शाईचा.

"काय दिसतं?"
बारापात्रे म्हणतो, "लाल शाई स्वस्त होती, मॅडम."
वर्ग हसतो. मीही.
मग सांगते, स्वस्त असेल, पण नीट बघा,
एका शाईत दोन गोष्टी छापल्या
की डोळाच त्यांचं लग्न लावून देतो,
आणि मग पत्रिका कुणी मागत नाही.

निखत विचारते, "या बाईले नाव काऊन नाही?"
नाव दिलं की ती एकाच घरची होते, मी म्हणाले.
हे माझ्या टाचणात नव्हतं.
सगळ्यांनी लिहून घेतलं.

मग कविता. कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकातली,
युद्ध विशेष, लिहिणारा कुणी अकरावी ब चा.
त्यात जवान दिवा आहे, रक्त तेल आहे,
सीमा म्हणजे उंबरठा, आणि पलीकडे नुसता अंधार,
अंधारात घरं नाहीत, कुणाचा दिवा नाही.
मुलगा सतरा वर्षांचा होता, वृत्त कुठे चुकलेलं नाही.
"दिवा लावलाय कुणी?"
शोधतात. दोनदा वाचतात. कुणीच नाही,
कवितेत तो आपला आपण लागतो.
उईके मागून म्हणतो, "आमच्या घरी त मायच लावते."
हेच, मी म्हणते, हेच शोधा.
हात कुठे लपवलाय ते.

पेपरात मात्र जोड्या येतात.
लाल, त्याग. पांढरा, शांती.
काळा, शत्रू. हे लिहिलं
आणि उईके खाली स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला.
ती जोडी मी पुसली. नीट पुसली गेली नाही.
पिवळा?
हळद, म्हणाले. भंडारा. कुणीतरी म्हणालं संत्रं,
त्यावर बराच वाद झाला.

रजनी ढोके उभी राहिली. ती कधी उभी राहत नाही.
"पिवळा म्हणजे माझ्या बाबांचे हात," म्हणाली.
अमरावती रोडवर कारखाना आहे, तिथं ते
गोळ्यांत भुकटी भरतात.
साबणानं जात नाही. लिंबानं जात नाही.
उशीच्या खोळीवर उमटतो.
एकदा भाकरीवर उमटला, तेव्हापासून
ते भाकर कुस्करून चमच्यानं खातात.
मागच्या दिवाळीत शेजारची शेड उडाली.
त्या दिवशी बाबांची रात्रपाळी होती, म्हणून.
म्हणून, एवढंच बोलून थांबली.
मग, "याचा अर्थ काय लिहू, मॅडम? दोन मार्कांले आहे."

त्याग म्हणता आलं असतं.
जिभेवर आलंच होतं, आयतं, छापील.
पोस्टरातली बाई हात उचलून
म्हण, म्हण, करत होती.

"अर्थ लिहू नकोस," मी म्हणाले.
"कारखान्याचं नाव लिही. भुकटीचं नाव लिही.
किती वर्षं, रोज किती तास, ते लिही."
"त्याचे मार्क देतात?"
"नाही."
ती बसली. काय लिहिलं, मी बघितलं नाही.

घंटा झाली. पोरं सायकलींकडे पळाली,
उन्हात, तोंडाला दुपट्टे गुंडाळून.
मी पोस्टरची गुंडाळी केली, रबर लावलं,
बाई आत, सूर्य आत, तोफा आत.
मग नळावर गेले.
खडूचा पिवळा
पहिल्याच पाण्यात गेला.