मोफत नमुना

नायना फक्त मोफत नमुने वाचतात.
मोबाईलमधल्या पुस्तकांच्या दुकानात शिरतात,
आधी किंमत बघतात, मग तिच्या खालचं
'नमुना वाचा' दाबतात, अंगठ्यानं,
कारण तर्जनीचं पेर ब्याऐंशी साली
कारखान्यातच राहिलं.

दहा टक्के कादंबरी, दहा टक्के चरित्र,
दहा टक्के मधुमेहावर घरगुती उपाय.
मग पाटी येते: पुढे वाचण्यासाठी खरेदी करा.
नायना चष्मा काढतात
भोंगा झाल्यावर काढायचे तसा.

नमुना हा शब्द त्यांना नवा नाही.
येमूल पुठ्ठेवाले म्हणायचे त्यांना साखर पेठेत.
आलेखाच्या कागदावर चोचीचे चौकोन मोजून
जकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायची.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
एवढ्याशा हो-नाहीवर चादरीत मोर उभा राहायचा.
मी सांगितलं, मोबाईलमधली अक्षरंही तशीच,
आत नुसतं हो आणि नाही.
म्हणाले, "मग ह्याचे पुठ्ठे कोण पाडलंय?"

मी.
म्हणजे अगदीच मी नाही.
जुनी पुस्तकं पुण्यात यंत्राखाली उताणी होतात,
यंत्र वाचतं, यंत्र चुकतं,
आणि चुका येतात माझ्याकडं, विडी घरकुलात,
रात्री नऊनंतर, पानाला चार रुपये.
'घर'चं 'धर' झालेलं असतं.
एक नायिका सबंध प्रकरणभर
'रिवडकी'त उभी होती,
तिला मी एकेक करून खिडकीत आणलं.
आई विड्या हजारावर मोजायची,
मी पानं शेकड्यावर.

पण कंपनी आख्खं पुस्तक एका हातात देत नाही.
मला मधलंच मिळतं, एकशे बारा ते एकशे साठ.
म्हणजे आमच्या घरात
पुस्तकांची डोकी नायनांकडं, पोटं माझ्याकडं,
पाय कुणाकडंच नाहीत.

एप्रिलात, लाईट गेलेल्या रात्री, गच्चीवर,
मोबाईल छातीवर पालथा ठेवून ते सांगत होते,
"रेल्वे फाटकावर एक बाई हाय, सगुणा.
गाड्यांचे नंबर पाठ तिला.
एक दिवस चालत्या गाडीतनं एक माणूस
तिच्याकडं छत्री फेकला. नवीकोरी.
तेवढ्यात दुकान बंद."

मी उठून बसले.
माझ्याकडं सगुणा गुंतकलला होती,
पन्नाशीची, डोसे घालत,
आणि दारामागं टांगलेली, कधीच न उघडलेली
'छत्नी', सोळा वेळा.
सोळाही छत्र्या मी दुरुस्त केल्या होत्या
कुणाची कोण ते न विचारता.

नळाला पाणी यायची पाळी साडेतीनची,
तोवर आम्ही डोकं पोटाला जोडत बसलो.
मधे शंभरेक पानांचं भगदाड राहिलंच.
"उघडली नाही ते बरं केली," आई म्हणाली,
"उघडल्यावर ती नुसती छत्री राहिली असती."
आणि घागरी घेऊन खाली गेली.

एकशे एकोणपन्नास रुपये.
सदतीस पानांची मजुरी, वर एक रुपया.
घेतलं.

नायनांनी अक्षरं एवढी मोठी केली
की पडद्यावर चारच ओळी मावाव्यात.
नऊ दिवस.
पानाला नंबर नाही, नुसते टक्के.
"बावन्न झालं," चहाच्या वेळी सांगायचे,
कुणाचा ताप सांगावा तसं, हळू.
शहाण्णववर हाक मारली.
"संपलं की गं. चार टक्के कोण खाल्लं?"
पुढं याच प्रकाशनाची इतर पुस्तकं होती,
पाच ताऱ्यांची विनंती होती,
आणि आणखी एक मोफत नमुना.

मी विचारलं, छत्रीचं काय झालं?

नायनांनी मोबाईल चार्जिंगला लावला,
वायर दोनदा हलवून बघितली.
"विकत घेतलेलं हाय," म्हणाले,
"फुकट सांगू व्हय?"