आडवा धागा

सतराव्या वर्षी मी तिच्या हाताखाली लागले.
पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही.
खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले,
मांडीवर कापडाचा एकेक तुकडा ठेवत गेली.
"हा कुठे बसेल?"
मी म्हटलं, भिंतीवर.
"भिंतीला गाल नसतात," यूलालिया म्हणाली.
"नीट हात फिरव."

कोविल्यांची नदी तेव्हा रंगाऱ्यांची होती.
गिरणीत जे उकळे तेच पुलाखालून वाही.
तिचा बाप रंगखात्यात; नखं जन्माची निळी,
रविवारी चर्चमध्ये हात खिशात घालून उभा राही.
ती पुलावरून वाकून ओरडायची :
आज मेंढपाळांची घोंगडी!
आज जोगिणींचे झगे!
मग एका वर्षी नदी हिरवी झाली.
लष्करी हिरवी. आणि तेरा वर्षं
अधूनमधून हिरवीच होत राहिली.
पोरं त्या कापडात शिरली नि बोटीवर चढली,
अंगोलाला, गिनीला.
आदेलिनो, तिचा भाऊ, त्यातलाच.
"कापड चांगलं होतं," ती म्हणे. "टिकाऊ."
याच्या पुढे एक अक्षर नाही.

लिस्बनला तिने खोल्या मांडल्या,
चाळीस वर्षं, दुसऱ्यांच्या.
मापं घ्यायच्या आधी विचारायची,
चपला कुठे काढता? भांडता कुठल्या खोलीत?
एका मंत्र्याच्या बायकोला चार खिडक्यांचे पडदे दिले,
पाचवी उघडी ठेवली, आणि तिचेही पैसे लावले.
तेजू नदीवरच्या फेरीबोटींची आसनं तिची :
मोहरीवर तपकिरी, जवळून मासळीचे खवले,
लांबून काहीच नाही.
लाखो माणसं तिच्यावर बसून कामाला गेली.
नाव कुणाला ठाऊक नव्हतं, ते तिला आवडे.

मागापाशी मात्र ती बोले.
"उभे धागे बघ. नुसती कवायत.
कुणीतरी आडवं आल्याशिवाय
कापड होत नाही."
आणि स्वतः आडवी येई, बँकांना, बिल्डरांना,
माझ्या लग्नालासुद्धा. (त्यात ती बरोबर होती.)

हिरवा मागणाऱ्याला ती राखाडी दाखवी,
विटकरी दाखवी, शेवटी खिडकीकडे बोट करी :
"हिरवा बाहेर आहे. उघडा."
एक इस्पितळ गेलं त्यात. मोठं काम होतं.
तीन महिने आम्ही उधारीवर सूप प्यायलो.

मग सगळ्यांची घरं पांढरी झाली.
गिऱ्हाईकं फोनवर दुसऱ्यांच्या खोल्या दाखवू लागली.
तिचं हॉटेल पाडलं, तेव्हा ती फुटपाथवर उभी होती,
तिसऱ्या मजल्यावर तिचा पडदा
भिंतीविना वाऱ्यात उडत होता.
"घडी अजून बरी पडतेय," म्हणाली, आणि बस पकडली.

डोळ्यांत मोतीबिंदू. काळा की निळा, मला विचारू लागली.
एकदा मी खोटं सांगितलं, दिवस संपवायचा होता.
तिने नमुना नाकाशी धरला.
"निळीला वास येतो, पोरी."
त्यानंतर मला विचारलं नाही.

ती गेल्यावर संग्रहालयाची माणसं आली हातमोजे घालून.
एक हजार एकशे चाळीस नमुने,
प्रत्येकाला क्रमांक, साल, सुताचा तपशील.
सर्वांत खालच्या खणात,
सुयांच्या डब्याखाली, वीतभर :
हिरवा.
तोच.
हातमागावरचा. शेवटची ओळ अर्धी,
धागा मध्येच लोंबतोय,
क्रमांक नाही, साल नाही.
किती वेळा विणायला घेतला असेल, उसवला असेल,
वीण कुठे कुठे थकलेली दिसते.

संग्रहालयाच्या यादीत तो नाही.
यादी मी केली.

आता संध्याकाळी दिवा लावायच्या आधी
मी खुर्चीत बसते, डोळे मिटते,
मांडीवर तो ठेवते.
कुठे बसेल हा?
हात फिरवतेय अजून.