अर्धं दार

विडी घरकुलात तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा
यल्लूबाई येलदींनी विचारलं,
"ते ॲडमिनचं काय केलास रे?"
मांडीवर सूप, बोटांत दोरा, नजर माझ्याकडे नाही.

नऊ गल्ल्या, दोनशेच्या वर बाया.
कुणाची पानं कमी पडली, कुणाचं बाळंतपण,
कारखान्यानं कुणाचा माल छाटला,
दिवेलागणीपर्यंत सगळीकडे पोचलेलं असतं.
प्रमुख कोण, विचारलं तर हसतात.
"जिला आधी कळेल ती."

मी रकाने आखले होते: पद, मुदत, सही.
अंबक्का दुधगुंडींनी मुलाचा नंबर घातला,
कारण फोन मुलाचा, आणि मुलगा पाळीवर.
बायांचे निरोप यंत्रमागाच्या खटखटाटात
खिशातच थरथरून गप्प व्हायचे.

आणि त्या दोन निळ्या खुणा.
वाचलीस नि गप्प बसलीस, एवढ्यावरून
पद्मा आणि रेणुका आठवडाभर बोलल्या नाहीत.
गल्लीत असं नसतं, यल्लूबाई म्हणाल्या.
गल्लीत दार अर्धं लोटलेलं असतं:
ऐकलंय, पण आज पैसे नाहीत,
उद्या ये.

रात्री अशोक चौकात चहा गार होईतो
खुणा काढल्या. पद काढलं.
मुदत राहू दिली, का ते सांगता येणार नाही.
एका नंबरात चार नावं मावतील असं केलं.

अर्धं दार मात्र जमेना.
उघडं जमतं, बंद जमतं.

यल्लूबाईंना तसं सांगितलं.
त्या दोऱ्याची गाठ मारत म्हणाल्या,
"पानं रात्रभर भिजवतो आम्ही.
कोरडी कातरली की चुरा होतो."