मी ऱ्हातो

सहकार कोर्टाच्या भिंतीला टेकून माझी टपरी.
एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, इन्व्हर्टर मेव्हण्याचा.
पानाला वीस रुपये.

वत्सलाबाई निगवेकर आल्या, राहणार रमणमळा,
पिशवीत सव्वीस वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या,
वकिलांनी खरडलेला मसुदा
आणि भाग दाखला, मेलेल्या भावाच्या नावाचा:
पाच भाग, प्रत्येकी पन्नास रुपये.
मागच्या बाजूचे हस्तांतराचे रकाने कोरे.

नामनिर्देशनात नाव बाईंचं.
संस्था म्हणते, तेवढ्यानं सभासद होता येत नाही,
वारस पुतण्या आहे, त्याची हरकत आहे.
सेक्रेटरी मगदूमांनी लेखी दिलंय,
कमिटीच्या मनात आकस नाही.
आकस हा शब्द मी दिवसातून चारदा टाइप करतो.
'नाही' शिवाय तो कधी आलेला बघितला नाही.

"बोला बाई, काय लिहू?"
"लिवा. मी तिथं ऱ्हातो.
पाचला उठतो, मोटर चालू करतो,
टाकी भरली की बंद करतो.
महापुरात तळमजल्याची चार बिऱ्हाडं
माझ्या हॉलमध्ये निजली,
मगदूमांची आई माझ्या कॉटवर.
तवा कुणी दाखला मागितला न्हाई."

मी टाइप केलं:
मी सदर सदनिकेत राहते.

चष्मा नाकावर ओढून त्या स्क्रीनजवळ आल्या.
"ही राहते कोण?"
"तुम्हीच. कोर्टात असं लिहावं लागतं."
"मी राहते कधी म्हटलं?
आमची आई येतो-जातो म्हणायची, आजी म्हणायची.
ही राहतेवाली पुण्याची असंल,
पुतण्याच्या वळखीची."

हसू आलं. माझी आईही
अजून दारातनं ओरडते, आलो रे, आलो.
पण त्या तो-चा मला घोर.
समोरचा वकील उठून विचारणार,
मोटर चालू करणारा हा इसम नेमका कोण,
आणि तो सदनिकेत कोणत्या हक्कानं?

म्हणून राहते. उठते. चालू करते. बंद करते.
दोन पानांत बाई पुसून
दुसरी बाई बसवली, शुद्ध, समासासकट.
संस्थेच्या नावापुढं प्रत्येक वेळी मर्यादित.
महापूर वकिलांनी आधीच खोडला होता,
मुद्द्याला धरून नाही म्हणून.

शेवटी नेहमीचं वाचून दाखवलं:
वरील मजकूर मला समजला व मान्य आहे.

"समजला," बाई म्हणाल्या.
पिशवीची गाठ मारली, चाळीस रुपये मोजले, सुटे.
"मान्य न्हाई. पर सही कुठं करू, सांगा."

मी बोट ठेवलं.